चंद्राच्या ध्रुवाजवळ यान उतरवायचं तर आधी चौकोन मोठा हवा

चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरला उतरायला नेमून दिलेली जागा होती ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ च्या वेळी ती झाली साधारण ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर. क्षेत्रफळ जवळजवळ चाळीस पटींनी वाढलं. दुसऱ्या खेपेच्या यशाबद्दल लिहिताना मजबूत पाय, जादा इंधन, सुधारलेलं सॉफ्टवेअर यांची चर्चा पुष्कळ झाली आणि ती रास्तच होती. पण जागा कशी निवडतात हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते या चौकोनापासूनच सुरुवात करावी. सपाट जागा शोधणं हा कामाचा नंतरचा भाग आहे. यान नेमकं कुठे पडू शकेल याची अनिश्चितता किती, हे आधी मांडावं लागतं. त्या अनिश्चिततेचा सगळा पट्टा उतरण्याजोगा असेल, तरच ती जागा सुरक्षित म्हणायची.

२०१९ मध्ये काय बिघडलं ते एस. सोमनाथ यांनी इस्रोचे अध्यक्ष असताना, जुलै २०२३ मध्ये, जाहीरपणे सांगितलं होतं. पाच इंजिनांनी मिळून अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. यान फोटो काढण्यासाठी स्थिर राहायला हवं होतं, त्या टप्प्यात चुका साचत गेल्या. पुढे त्या भरून काढायला यानाला झपाट्याने वळावं लागलं, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती. आणि तिसरं कारण म्हणजे तो ५०० मीटरचा चौकोन. जमीन जवळ आलेली असताना यान ठरलेल्या जागी पोचण्यासाठी धडपडत राहिलं, वेग वाढवत राहिलं. जागा मोठी असती तर चूक पोटात घालून 'आहे तिथेच उतर' असं सांगता आलं असतं. चांद्रयान-३ मध्ये नेमकी हीच मुभा दिली गेली.

हा चौकोन येतो कुठून? चांद्रयान-३ चा लँडर (त्याचंही नाव विक्रमच) ३० किलोमीटर उंचीवर असताना, उतरायच्या जागेपासून सुमारे ७४५ किलोमीटर अलीकडे त्याची इंजिनं पेटली. त्या क्षणी वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर. आपण कुठे आहोत आणि किती वेगाने चाललो आहोत याचं यानाकडचं ज्ञान थोडंसं चुकीचं असतंच. सेकंदाला एक मीटरची चूक अकरा-बारा मिनिटांच्या ब्रेकिंगमध्ये सातशे मीटरची होते. तीत इंजिनाच्या जोरातला फरक, सेन्सरची चूक, नकाशातली चूक यांची भर पडते. प्रवासाच्या दिशेने चूक जास्त आणि आडव्या दिशेने कमी असते, म्हणून चौकोन लांबट. कॉम्प्युटरवर हे उतरणं हजारो वेळा, दर वेळी वेगळ्या चुका घालून करून बघतात. सगळे ठिपके ज्या आकारात मावतात तो आपला चौकोन. विक्रम प्रत्यक्षात ठरलेल्या बिंदूपासून ४०० मीटरच्या आत उतरला. म्हणजे चौकोनाचा बराचसा भाग वापरावाच लागला नाही, पण म्हणून तो वाया गेला असं नव्हे.

आता उतार. चांद्रयान-३ चा लँडर सुमारे १२ अंशांच्या उतारावर उभा राहू शकेल असा बनवला होता. मग नकाशावर १२ अंशांपर्यंतची जागा चालेल का? मुळीच नाही, आणि नव्याने या विषयाकडे वळणारे सर्वात जास्त इथेच चुकतात. समजा, लँडरच्या समोरासमोरच्या दोन पायांत ३ मीटर अंतर आहे. नकाशा म्हणतो उतार ६ अंश, म्हणजे दोन पायांच्या उंचीत साधारण ३१ सेंटिमीटरचा फरक. आता वरच्या बाजूचा पाय ३० सेंटिमीटरच्या दगडावर टेकला आणि खालच्या बाजूचा २० सेंटिमीटर खोल खळग्यात गेला, तर फरक झाला ८१ सेंटिमीटर आणि यान कलतं १५ अंशांनी. सहाचे पंधरा व्हायला एक मध्यम दगड आणि एक खळगा पुरतो. यान खाली टेकताना आडवा वेग थोडा जरी शिल्लक असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. म्हणून नकाशावरची मर्यादा लँडरच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी ठेवावी लागते.

शिवाय उतार किती अंतरावर मोजला हे सांगितल्याशिवाय उताराच्या आकड्याला अर्थ नाही. २५ मीटरच्या पट्ट्यावर ४ अंश दाखवणारी जमीन ३ मीटरच्या पट्ट्यावर कुठेकुठे १५ अंश निघते. माप जितकं बारीक, तितकी चंद्राची जमीन जास्त खडबडीत. लँडरला देणंघेणं आहे ते पायांमधल्या अंतराएवढ्या उताराशी, आणि नेमका तोच उतार बहुतेक नकाशांत दिसत नाही.

नकाशांचा मुख्य आधार म्हणजे नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरचा लोला हा लेझर अल्टिमीटर. हे यान जून २००९ मध्ये निघालं आणि त्याची कक्षा ध्रुवांवरून जाते, त्यामुळे सगळ्या फेऱ्या ध्रुवाजवळ एकमेकींच्या जवळ येतात. लोला दर वेळी पाच ठिपके टाकतो. प्रत्येक ठिपका सुमारे ५ मीटर रुंद. विषुववृत्तावर दोन फेऱ्यांमध्ये मोठ्या फटी राहतात, ध्रुवाजवळ मात्र इतके ठिपके जमले आहेत की ५ मीटर पिक्सेलचे उंचीचे नकाशे करता आले. तरीही त्यात बरेच पिक्सेल मोजलेले नसतात, शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. असे भरलेले भाग फसवे: ते हमखास गुळगुळीत दिसतात. उताराच्या नकाशावर एखादी जागा शेजारपाजारपेक्षा विलक्षण सपाट दिसली, तर आधी तिथे लोलाचे प्रत्यक्ष ठिपके किती आहेत ते तपासावं.

फोटोंच्या बाबतीत भारताची बाजू भक्कम आहे. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर २०१९ पासून चंद्राभोवती फिरतो आहे आणि त्याच्यावरचा ओएचआरसी कॅमेरा १०० किलोमीटर उंचीवरून २५ सेंटिमीटरचा पिक्सेल देतो. पट्टी ३ किलोमीटर रुंद. नासाच्या ऑर्बिटरचा नॅक कॅमेरा ५० किलोमीटरवरून अर्ध्या मीटरचा पिक्सेल देतो. एकाच जागेचे दोन वेगळ्या कोनांतून ओएचआरसी फोटो घेतले, की त्यांच्या जोडीवरून उंचीचा बारीक नकाशाही काढता येतो, तोही लोलापेक्षा कितीतरी तपशीलवार.

पण २५ सेंटिमीटरचा पिक्सेल म्हणजे २५ सेंटिमीटरचा दगड दिसला असं नाही. दगड खात्रीने ओळखायला निदान तीन-चार पिक्सेल लागतात, म्हणजे पाऊण ते एक मीटर. त्याहून लहान दगड सावलीवरून पकडतात. सावलीची लांबी मोजायची, त्या वेळचा सूर्याचा कोन माहीत असतोच, त्याच्या टॅनने गुणलं की दगडाची उंची मिळते. दहा अंशांच्या उन्हात अर्ध्या मीटरच्या दगडाची सावली २.८ मीटर पडते, म्हणजे अकरा पिक्सेल. त्याहीपेक्षा लहान दगडांची संख्या मोठ्या दगडांच्या मोजणीवरून अंदाजावी लागते. ताज्या विवराच्या काठापासून विवराच्या व्यासाएवढ्या अंतरात दगड खच्चून भरलेले असतात, तो पट्टा सरळ वगळावा. जुन्या विवरांभोवतीचे दगड कोट्यवधी वर्षांच्या माऱ्याने फुटून माती झालेले असतात.

जुनी जमीन बरी, असं यावरून वाटेल. तिच्यातही एक मेख आहे. जुन्या विवरांच्या कडा झिजून गोल होतात, ती उथळ होतात आणि बाजूंना ८ ते १२ अंशांचे लांब, शांत उतार राहतात. धार नाही, ठळक सावली नाही, फोटोत नजरेत भरण्यासारखं काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंट्यूइटिव्ह मशीन्स कंपनीचा ओडिसियस लँडर मालापर्ट-ए विवराजवळ, ८० अंश दक्षिणेला, अशाच सुमारे एक किलोमीटर रुंदीच्या झिजलेल्या विवरात १२ अंशांच्या उतारावर टेकला. उंची मोजणारे त्याचे लेझर चालूच झाले नव्हते, कारण उड्डाणापूर्वी त्यांची सुरक्षा कळ काढायची राहून गेली होती. खाली येताना आडवा वेग शिल्लक होता, पाय मोडला आणि यान सुमारे ३० अंशांनी कलंडून थांबलं.

इथवर ज्या अडचणी आल्या त्या चंद्रावर बहुतेक ठिकाणी सारख्याच आहेत. ध्रुवाजवळ खरी उलथापालथ करतं ते ऊन. चंद्राचा अक्ष फक्त दीड अंशाने कललेला आहे, त्यामुळे अगदी ध्रुवावर सूर्य क्षितिजापासून दीड अंशाच्या वर चढतच नाही. क्षितिजाला घासत महिनाभर गोल फिरतो. विक्रम उतरला ते शिवशक्ती स्थळ ६९.४ अंश दक्षिणेला आहे. तिथे दुपारचा सूर्य वीस-बावीस अंशांपर्यंत येतो, एक मीटरच्या दगडाची सावली पावणेतीन मीटर. ८५ अंशांवर सूर्य पाच अंशांवर असेल तेव्हा तीच सावली ११ मीटर. ध्रुवावर ३८ मीटर. शंभर मीटरची टेकडी ध्रुवावर पावणेचार किलोमीटर लांब सावली टाकते. चांद्रयान-३ ला सरसकट 'दक्षिण ध्रुवावर' म्हणण्याची आपल्याकडे सवय पडली आहे. पण ६९ आणि ८९ अंशांतला हा फरक जागा निवडणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा आहे, आणि पुढच्या मोहिमा किती अवघड आहेत हे त्याशिवाय कळत नाही.

मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीचा दुसरा लँडर, अथीना, मॉन्स मूटन पठारावर जवळजवळ ८५ अंश दक्षिणेला उतरला आणि आडवा झाला. ऑर्बिटरच्या फोटोत तो २० मीटर रुंदीच्या एका खड्ड्यात दिसला. इथे थोडा हिशेब करून बघण्यासारखा आहे. २० मीटरचा खड्डा साधारण दोन-अडीच मीटर खोल धरू. सूर्य पाच अंशांवर असेल, तर दोन मीटरच्या काठाची सावली २३ मीटर जाते. म्हणजे खड्ड्याच्या तळाला ऊनच मिळत नाही. सौर पॅनेलवर बॅटरी चार्ज होण्याचा प्रश्नच मिटला. कंपनीने नंतर दिलेल्या कारणांत अल्टिमीटरच्या सिग्नलमधला गोंधळ होता, तशीच एक गोष्ट जागेच्या निवडीशी थेट जोडलेली होती: यानाचा कॅमेरा खालची विवरं ओळखून, साठवलेल्या नकाशाशी जुळवून आपली जागा ठरवतो, आणि तिरप्या उन्हातल्या लांब सावल्यांमुळे विवरं नकाशातल्यासारखी दिसलीच नाहीत.

यातून एक पथ्य निघतं. नकाशा एकाच वेळच्या फोटोंवरून करू नये. सूर्य वेगवेगळ्या बाजूंना असतानाचे फोटो जमवायचे, त्यावरून उंचीचा नकाशा पक्का करायचा, आणि मग उतरण्याच्या तासाला सूर्य जिथे असेल तिथे दिवा ठेवून जमिनीचं चित्र कॉम्प्युटरवर नव्याने रंगवायचं. यानाच्या स्मृतीत घालायचं ते हे चित्र. कायम अंधारातल्या भागांसाठी आता कोरियाच्या दनुरी यानावरचा शॅडोकॅम आहे. शेजारच्या उंच भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या मंद उजेडात तो १.७ मीटर पिक्सेलचे फोटो घेतो.

ऊन किती दिवस मिळेल याचा नकाशा मात्र फोटोंशिवायही काढता येतो, आणि मला या सगळ्या कामातला हा सर्वात देखणा भाग वाटतो. उंचीच्या नकाशावर एका बिंदूवर उभं राहायचं, प्रत्येक दिशेला क्षितिज किती अंश वर आहे ते काढायचं, आणि त्या रेषेवरून सूर्याचा वर्षभराचा मार्ग सरकवायचा. सूर्य रेषेच्या वर असेल तितका वेळ ऊन. नजर फार लांबवर टाकावी लागते, कारण ५ किलोमीटर उंचीचा डोंगर १३० किलोमीटरवरूनही क्षितिजावर डोकं काढतो. पॅनेल जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही घालावं लागतं. दोन मीटर आणि दहा मीटर यांची उत्तरं बरीच वेगळी येतात.

हे गणित केल्यावर शॅकल्टन विवराचा काठ, तिथून द गेर्लाश विवराकडे जाणारी धार, अशी मोजकी ठिकाणं हाती लागतात. तिथे काही बिंदूंवर वर्षाच्या ८० टक्क्यांहून जास्त काळ ऊन असतं. अडचण अशी की हे तुकडे फार तर काहीशे मीटर रुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना कडे उतरतात. शॅकल्टन २१ किलोमीटर रुंद आणि चार किलोमीटरहून खोल आहे, आतल्या भिंतींचा उतार तीस अंशांच्या घरात. तिथे ४ बाय २.४ किलोमीटरचा चौकोन ठेवायला जागाच नाही. ध्रुवाकडे सरकायचं असेल तर चौकोन लहान करावाच लागतो. पण २०१९ सारखा नुसता कागदावर लहान करून उपयोग नाही. यानाची चूक खरोखर तितकी लहान करावी लागते. जमीन बघून जागा ओळखण्याच्या तंत्राने हे साधतं: जानेवारी २०२४ मध्ये जपानचं स्लिम यान लक्ष्यापासून ५५ मीटरवर उतरलं. ते ध्रुवापासून खूप दूर, चांगल्या उन्हात होतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. नासाने माणसांना चंद्रावर उतरवण्याच्या आर्टेमिस मोहिमांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळचे १३ प्रदेश जाहीर केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ९ वर आणले. प्रत्येक प्रदेश साधारण १५ किलोमीटर बाजूचा, आणि आतली उतरण्याची जागा १०० मीटर त्रिज्येची. गणित हेच.

पृथ्वी दिसते की नाही, हे त्या मानाने सरळ काम आहे. विक्रमच्या आकाशात पृथ्वी कायम वर होती. ध्रुवावर ती महिन्यातला साधारण अर्धा काळ क्षितिजाखाली जाते, त्यामुळे उतरण्याची तारीख तिला धरून ठरवायची, नाहीतर चीनने मार्च २०२४ मध्ये पाठवलेल्या छ्वेछ्याओ-२ सारखा संदेशवाहक उपग्रह कक्षेत हवा.

तारखेचा आणि जागेचा संबंध किती घट्ट असतो, हे चांद्रयान-३ च्या राखीव बेतावरून दिसतं. २३ ऑगस्टला उतरणं जमलं नसतं, तर पुढची तारीख २७ होती, पण जागा सुमारे ४५० किलोमीटर पश्चिमेला सरकणार होती. यानाची कक्षा अवकाशात तशीच राहते आणि तिच्याखाली चंद्र रोज सुमारे १३ अंश फिरतो. ऊन आणि अंधार यांच्या सीमेवरची सकाळची रेषाही पश्चिमेकडे सरकते. सकाळीच उतरलं तर १४ दिवसांचं ऊन पदरात पडतं. म्हणून एका जागेचा अभ्यास करून भागत नाही, उशीर होईल तितक्या दिवसांसाठी वेगळ्या जागा तितक्याच बारकाईने तपासून ठेवाव्या लागतात.

इतकं करूनही जो शेवटचा मीटरभर नकाशात येत नाही, तो यानाने स्वतः बघायचा असतो. विक्रमच्या पोटाखाली अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने केलेला, धोके ओळखणारा कॅमेरा होता. १५० मीटर उंचीवर थांबून खालचा भाग तपासायचा, दगड-खड्डे टाळून जवळची स्वच्छ जागा निवडायची आणि तिथे सरकायचं, असा क्रम. पाय सेकंदाला ३ मीटर वेगाचा धक्का सोसतील इतके मजबूत केले होते. आधीची मर्यादा २ मीटर होती. जमीन अगदी जवळ आल्यावर मात्र कॅमेऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण इंजिनाच्या झोताने धूळ उडते. विक्रमने उतरताना सुमारे २ टन माती १०८ चौरस मीटरवर उधळली, असं इस्रोने मोजून सांगितलं.

उतरल्यावरची एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. विक्रमवरच्या चेस्ट या तापमान मोजणाऱ्या उपकरणाची सळई जिथे मातीत शिरली, तिथे सूर्याकडे ६ अंशांचा उतार होता. पृष्ठभागाचं तापमान निघालं ८२ अंश सेल्सिअस. अवघ्या मीटरभर अंतरावर, सपाट जागी, ५९ अंश. एका मीटरात २३ अंशांचा फरक, आणि कारण फक्त उतार. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी यावरून असं मांडलं की या अक्षांशांपेक्षा वरच्या भागात, सूर्याकडे पाठ केलेल्या १४ अंशांहून तीव्र उतारांवर पृष्ठभागाच्या थोडं खाली बर्फ टिकून राहू शकेल. लँडरला १२ अंशांच्या आत राहायचंय आणि बर्फ १४ च्या पुढे मिळण्याची शक्यता. म्हणजे उतरायची जागा आणि बघायची जागा एक असणार नाही. मध्ये रोव्हरला चालवत नेण्याजोगी वाट हवी. चांद्रयान-३ चा रोव्हर प्रज्ञान २६ किलोचा होता आणि ४ मीटरचा एक खड्डा समोर दिसल्यावर त्याला मागे फिरवावं लागलं होतं. जपानबरोबरच्या चांद्रयान-५ चा रोव्हर २५० किलोचा असणार आहे, आणि त्याच्या जागेच्या निवडीत ही वाटही आधीपासून तपासावी लागेल.

हे नकाशे कुणालाही बघता येतात. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करून ओएचआरसीचे फोटो उतरवता येतात, आणि नासाच्या ऑर्बिटरचा क्विकमॅप ब्राउझरमध्येच चालतो. विक्रमचे २०१९ मधले अवशेष असेच घरी बसून, नासाचे फोटो ताडून, चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांनी शोधले होते. क्विकमॅपमध्ये दक्षिण ध्रुवाचं दृश्य निवडा, उताराचा थर चालू करा, मॉन्स मूटनवर ४ किलोमीटरची रेषा ओढून तिचा चढउतार बघा. मग तीच रेषा शॅकल्टनच्या काठावर आडवी टाका. सरासरी उतार बघू नका, सर्वात वाईट १०० मीटरचा उतार बघा. आणि रेषा जिथे संशयास्पद गुळगुळीत दिसेल तिथे नॅकचा फोटो उघडून, शक्य तर दोन वेगळ्या दिशांच्या उन्हातले दोन फोटो शेजारी ठेवून, खात्री करून घ्या.